घरच्या फोल्डरचा पत्ता

“बाबा, परत तेच. बिल्ड अडकलंय. हेडर फाइल सापडत नाही म्हणतंय.”

सोमवार, सकाळचे साडेदहा. बाबांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली. वजनकाट्यांच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं प्रोग्रॅम लिहिले होते. आता तिथे त्यांच्या खुर्चीत लेक बसत होती आणि जुन्या काट्यांच्या प्रोग्रॅममधले बदल ते घरून करून पाठवत. ते जोडून कंपायलरकडून पूर्ण प्रोग्रॅम बांधून घेणं, म्हणजेच बिल्ड, हे लेकीचं दर सोमवारचं काम.

“अगं, घाई नको. किल्ली सापडेना की तू काय करतेस?”

“आधी खिसा, मग पर्स, मग खुंटी. शंभरदा सांगितलंय तुम्ही!”

“मग ही एकशे एकावी वेळ. कंपायलरही तसाच. आपण दिलेल्या यादीतले फोल्डर ओळीने बघत जातो. यादीच चुकली तर तो बिचारा काय करणार? वाच बघू.”

तिने वाचली. तिसऱ्या ओळीत त्यांच्या घरच्या संगणकातल्या फोल्डरचा पत्ता होता.

“हा तुमच्याकडे आहे बाबा. इथे कुठून सापडणार?”

“वय झालं गं माझं.”

मग गुडघा, औषधं, नातवाचा पडलेला दात. चाळीस मिनिटं कशी गेली कळलं नाही. फोन ठेवताना ती सहज म्हणाली, “साहेब विचारत होते, बापलेकीचा हा गोंधळ संपणार कधी?”

तो टोमणा बाबांना आठवडाभर सलत राहिला. यादीतली ती तिसरी ओळ चुकून जातच नव्हती. बायको गेली त्यानंतर एकदाच ती ओळ खरोखर चुकली होती, आणि लेकीचा फोन आला होता. तेव्हापासून दर रविवारी ते ती स्वतःच्या हाताने घालत.

या रविवारी त्यांनी ती खोडली. तिथे कारखान्याच्या फोल्डरचा पत्ता लिहिला, दोनदा तपासला आणि पाठवून दिला.

सोमवारी सव्वादहाला, लेकीला आणि त्यांना एकदमच येणारा कारखान्याच्या यंत्राचा निरोप आला. बिल्ड यशस्वी. एकही चूक नाही.

बाबांनी संगणक बंद केला. फोन दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला, म्हणजे त्याच्याकडे बघत बसायला नको.

साडेदहाला तो वाजला.

“बाबा, परत तेच,” लेक म्हणाली. “फाइल सापडत नाही. अगदी किल्लीपासून सांगा.”