पाच माणसांची बोट

सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमधून चौऱ्याण्णव साली निवृत्त झालेल्या योगराजने उकाई धरणात फिरायला जुनी मोटरबोट घ्यायची ठरवली. केवढी घ्यावी, ते रेशनकार्डावर पाहिलं: पाच नावं. "मग अठरा फुटी घ्या, काका," सुरती बोटवाला म्हणाला. "वारा सुटला की तिथे समुद्र होतो. रविवारी सगळ्यांना बसवून चालवून बघा." रविवारी योगराज एकटाच आला. "बाकीचे?" "बायको वारली. मुलगी सासरी, पोरं पुण्याला. नावं कमी करायची राहिली." "अरे काका, मग लहान घ्या ने! रिकामी मोठी बोट लाटांवर उडते." "मोठीच पाहिजे." बोटवाल्याने डोकं खाजवलं. "तर माणसांच्या जागी रेतीच्या गोण्या ठेवा." योगराजने लगेच चार गोण्या भरल्या. तीन तोंडापर्यंत, चौथी निम्मी. "हीपण भरा, नाहीतर तोल जाईल," बोटवाला म्हणाला. "नको. बायकोला वजनावरून बोललेलं खपत नाही."