वळणाची आठवण

"कुंदाताई, नऊ वर्षांत इथे कुणाला खरचटलंसुद्धा नाही. म्हणून सकाळीच या वळणाची आठवण पुसून टाकली," रस्तेखात्याचा माणूस म्हणाला. "चांगलंच झालं ना?"

"चांगलंच की," कुंदा म्हणाली.

जिथे एखाद्या स्पर्धकाचा जीव गेला, ती जागा रस्ता लक्षात ठेवायचा आणि शर्यतीतल्या प्रत्येक सायकलचे ब्रेक तिथे आपोआप लागायचे. कुंदाचा नवरा हेरंब शर्यतीत इथेच ट्रकखाली गेला होता. दर शर्यतीला ती कठड्यावर येऊन बसायची. पोरं तिच्यासमोर हळू व्हायची, "आलं बघ भिकार वळण!" म्हणून वैतागायची. तेवढंच कुणीतरी हेरंबसाठी थांबतंय असं तिला वाटायचं.

आज सायकली सुसाट आल्या.

"हळू रे, बाळांनो!" ती ओरडली, तोवर रस्ता रिकामा झाला होता.