पाच काडतुसं

ऑर्व्हलने रिव्हॉल्वर दोन्ही हातांत धरलं आणि अंगठ्याने घोडा मागे ओढायला घेतला. घोडा अर्ध्यावर आला आणि अंगठा निसटला. दुसऱ्या खेपेलाही तेच. शेवटी त्याने डाव्या तळव्याने घोडा रेटून मागे बसवला, पण तोवर नळी नेमाच्या ताटलीवरून सरकून भलतीकडेच गेली होती. गोळी खडीच्या ढिगात घुसली.

"बघितलंस, डेल? बंदूक अडेलतट्टू झालीय."

"बंदूक होय? नाचता येईना अंगण वाकडं."

दोघं म्हातारे हसले. हसू फार टिकलं नाही.

गावाबाहेरच्या या बंद पडलेल्या खाणीत ते दर वर्षी शिकारीच्या आदल्या दिवशी येत. पुठ्ठ्यावर कागदी ताटली ठोकायची, पन्नास पावलांवर उभं राहायचं. हरणाचं काळीज आणि फुप्फुसं मिळून त्या ताटलीएवढीच जागा असते. पाचच्या पाच गोळ्या ताटलीत, नाहीतर उद्या घरी बसायचं. हा नियम ऑर्व्हलनेच घातलेला. एका वर्षी त्याने डेललाही घरी बसवलं होतं आणि वर तोंडावर सांगितलं होतं, "हरणाला तुझी दया येत नाही, मला का यावी?"

डेलने पिकअपच्या फळीवरून दुसरं रिव्हॉल्वर उचललं. हे त्याच्या जावयाचं, डबल-अ‍ॅक्शन. याचा घोडा ओढावा लागत नाही, नुसता चाप दाबला की तो आपणच मागे जातो आणि पडतो. फक्त चाप लांब आणि जड. ऑर्व्हलच्या जुन्या सिंगल-अ‍ॅक्शनला मात्र दर गोळीला अंगठा लागतो, आणि ऑर्व्हलचे दोन्ही अंगठे संधिवाताने आल्याच्या गड्ड्यांसारखे झाले होते.

"हे करून बघ. मी भरून देतो."

डेलने पाठ फिरवून काडतुसं भरली आणि चक्रातला मधलाच एक खण मुद्दाम रिकामा सोडला. ही जुनी रीत होती. कुठला खण रिकामा ते नेम धरणाऱ्याला सांगत नाहीत. घोडा रिकाम्यावर पडला की बार उडत नाही, धक्का बसत नाही, आणि हात खरा किती स्थिर आहे ते दिसतं.

पहिली गोळी पुठ्ठ्याच्या कडेला लागली. दुसरी ताटलीच्या काठाला. तिसऱ्या खेपेला नुसतं टक् झालं आणि नळी अशी खाली गेली की ऑर्व्हल जणू स्वतःचे बूट दाखवत होता.

डेलने पाहिलं. डेलने पाहिलं हे ऑर्व्हलनेही पाहिलं.

"एक तर लागली की ताटलीला!" ऑर्व्हल म्हणाला.

"लागली खरी."

लार्चची झाडं पिवळी पडली होती. वारा आला की बारीक सुया खाली येत आणि ऑर्व्हलच्या टोपीवर बसत. तो दोन्ही रिव्हॉल्वरं शेजारी शेजारी ठेवून बघत राहिला. त्याची बायको लोइस बर्फ वितळताना गेली होती. तेव्हापासून त्याने घरी स्वयंपाक केला नव्हता, पाहुणा बोलावला नव्हता. बोलायचा तो फक्त या शिकारीबद्दल.

"बोल ना. कुठलं घेऊ उद्या?"

येऊ का, असं त्याने विचारलं नाही. डेलला ते फार लागलं.

गेल्या वर्षीचं हरीण डेलच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. ऑर्व्हलची गोळी पोटात बसली होती. अंधार पडेस्तोवर त्यांनी रक्ताचा माग काढला आणि मग तो हरवला. दोन दिवसांनी ते कुठे मरून पडलंय हे डोमकावळ्यांनी दाखवलं. ऑर्व्हल त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसला होता. डबल हातात दिलं तर चाप ओढला जाणार. गोळी सुटणार. कुठे जाणार ते देवालाही सांगता आलं नसतं.

"जुनंच घे," डेल म्हणाला.

"जुनं? अरे, आत्ता दुपारच्या उन्हात घोडा ओढता येत नाही मला. पहाटेच्या गारठ्यात काय कपाळ ओढणार?"

"माहितेय मला."

ऑर्व्हल त्याच्याकडे बघत राहिला. मग हळूहळू त्याचा चेहरा उतरला.

"हलकट आहेस, डेल."

"तुझ्याच संगतीचं फळ."

"म्हणजे नुसतं बसून राहायचं?"

"ओंडक्यावर. नेहमीच्याच. मी एकटा तिथे काय करू, लेका? कॉफी कोण आणणार?"

डेलने काडतुसांची पेटी उघडली. जुन्यात पाचच भरायची. सहावा खण घोड्याखाली रिकामा ठेवायचा, म्हणजे धक्का लागून गोळी सुटत नाही. दोघांच्याही बापांनी हेच शिकवलेलं. त्याने पाच काडतुसं मोजून ऑर्व्हलच्या तळव्यावर ठेवली.

ऑर्व्हलने ती थोडा वेळ तशीच धरली. मग डेलचा हात ओढून त्याच्या मुठीत परत घातली.

"एक खण रिकामा ठेवायचा असतो ना?"

"हो."

"मग उद्या सगळेच ठेवू."

त्याने जुनं रिव्हॉल्वर कमरेच्या चामडी म्यानात सरकवलं. वरच्या पट्टीचं बटण दाबायला गेला. अंगठा निसटला. पुन्हा दाबलं, पुन्हा निसटला. मग तो वळला आणि बटणाची ती बाजू त्याने डेलच्या पुढे केली.