यंत्राने ठरवलेली मारहाण

स्कॅनचा निकाल पडद्यावर उमटला: 'अनेक जुनी फ्रॅक्चर्स. कारण, मारहाण.' यंत्राचा शब्द आता कायदा होता. बालसंरक्षण अधिकारी तावडेबाई दोन वर्षांच्या शाल्मलीला ताब्यात घ्यायला पुढे झाल्या.

"अहो, तिची हाडं जन्मतःच ठिसूळ आहेत! माझीही लहानपणी अशीच मोडायची," तिची आई दमयंती ओरडली.

"असा आजार यंत्राला माहीत नाही."

"मग शिकवा त्याला! आणि तिला काखेत हात घालून उचलू नका!"

तावडेबाईंनी उचललंच. कट्कन आवाज झाला आणि पोरीने किंकाळी फोडली.

हाड बसवण्याआधी पुन्हा स्कॅन झाला. 'एक नवीन फ्रॅक्चर. कारण, मारहाण.'

दमयंतीने पडद्याकडे बोट दाखवलं.

"बोला ना बाई," ती म्हणाली, "आता कोणी मारलं हिला?"