पूर्वपक्षाची सव्वीस पानं

रखमाजीबाबांनी लाल फडक्याची गाठ सोडली आणि पोथी मच्छिंद्रापुढे पाटावर ठेवली. कागद पांढराशुभ्र होता. शाई इतकी ताजी, की मच्छिंद्राच्या बोटाला काळा डाग लागला.

"ही नवी आहे, बाबा."

"नवीच हाये. तुमचा टपालाचा कागद आल्ता, तवाच बसलो उतरवायला. दीड महिना लागला. डोळे साथ देत न्हाईत, पर अक्षर बराबर आलंय का न्हाई?"

अक्षर सुरेख होतं. मच्छिंद्राने तसं सांगितलं. परतूरच्या शेतकरी घरात वाढलेला पोरगा हैदराबादेला जाऊन एम.ए. झाला, तरी म्हाताऱ्या माणसाच्या मेहनतीला नाव ठेवायला त्याची जीभ रेटत नाही.

"आणि जुनी?"

"गंगेला दिली. कालच, शहागडला जाऊन. नवी उतरली की जुनी गंगेला, ही आमच्या घरची चाल. बापानं तसंच केलं, आज्यानंबी."

मच्छिंद्राच्या डोळ्यांपुढे गोदावरीचं गढूळ पाणी उभं राहिलं. मग त्याने स्वतःला सावरलं. जुन्या कागदाचं त्याला काय करायचं होतं? मजकूर उतरला असला म्हणजे झालं. तो वडीगोद्रीला आला होता एका माणसासाठी.

त्या माणसाचं नावही उरलं नव्हतं. दोनशे वर्षांमागे गोदाकाठी तो होऊन गेला. मेल्यावर माणसाचं काही म्हणजे काही उरत नाही, असं तो मांडायचा. लोकांनी त्याचं सगळं पुसून टाकलं. रखमाजींच्या मूळ पुरुषाने मात्र त्याचं मत खोडायला ही पोथी लिहिली, आणि शास्त्राची रीत पाळून, खोडण्याआधी समोरच्याचं म्हणणं पुरतं मांडलं. त्याला पूर्वपक्ष म्हणतात. तो इथे सव्वीस पानांचा आहे, असं मच्छिंद्राने हैदराबादेतल्या एका जुन्या यादीत वाचलं आणि त्याला दुसरं काही सुचेनासं झालं. कुणब्याच्या मराठीत कुणी असा विचार केला होता, हे त्याच्या प्राध्यापकांना खरं वाटत नव्हतं. पानं दाखव, मग बोलू, म्हणाले. पानं मिळाली तर प्रबंध उभा राहणार होता. नाहीतर त्याचं सगळं शिक्षण पाण्यात.

अशा संशोधनाला हैदराबादचं सरकार सफरखर्च द्यायचं. उर्दूतला अर्ज, तीन प्रती, दोन जामीन. आणि एक अट: मंजुरीआधी केलेला प्रवास धरला जाणार नाही. मच्छिंद्र त्या अटीला धरून बसला. या काळात दोन दिवाळ्यांना तो परतूरला घरी आला. वडीगोद्री तिथून बैलगाडीने दोन मुक्कामांवर. गेला नाही. दुसऱ्या दिवाळीनंतर मंजुरी हाती पडली, तेव्हा त्याने हुरळून रखमाजींना पत्र टाकलं, की आपली पोथी पाहायला सरकार मला पाठवत आहे.

तो पानं उलटू लागला. गुरूला वंदन झालं. ग्रंथ का लिहिला ते झालं. तेराव्या पानाच्या तळाशी लिहिलं होतं, 'आता त्याचे म्हणणे ऐका.' चौदाव्या पानावर खंडन सुरू. कशाचं खंडन, त्याचा पत्ता नाही.

त्याने शेवटपर्यंत पानं चाळली. मग उलटीकडून चाळली.

"बाबा, पूर्वपक्ष कुठंय? सव्वीस पानं होती."

"गाळली."

"गाळली?" मच्छिंद्राचा आवाज चढला, ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. "हरलेल्याचं कशाला उतरवायचं, म्हणून?"

रखमाजीबाबांनी लाल फडक्याची घडी घातली. बोलले ते जमिनीकडे बघत.

"हरला कुठं, साहेब? खंडन वाचा तुम्ही. कच्चं हाये. माझ्या बापालाबी ठावं होतं. पर जसंच्या तसं उतरवायचं, ही चाल. मीबी उतरवलं आसतं. मंग सगुणा गेली. आमची मालकीण. मागल्याच्या मागल्या दिवाळीला."

मच्छिंद्राने मनाशी हिशेब केला. त्या दिवाळीला तो परतूरला ओसरीवर बसून मंजुरीची वाट पाहत होता.

"ती गेल्यापासून रोज ती पानं काढायचो. तो इचारतो, त्याला जवाब हुडकायचो. पोथीत न्हाई, माझ्यापाशीबी न्हाई. जाळायची तर हिंमत न्हाई, मूळ पुरुषानं लिवलेली गोष्ट. मंग तुमचा कागद आला. नवी उतरवायला निमित्त झालं."

 तरी मच्छिंद्राने खिशातून पेन्सिल काढली, वही मांडीवर घेतली. सव्वीस नाहीत तर एक पान. एक ओळ.

"तो काय इचारतो, तेवढं तरी सांगा बाबा. तुम्हाला आठवत असेल."

"शब्द न् शब्द पाठ होता." म्हाताऱ्याने पहिल्यांदाच मान वर केली. डोळे लाल होते, पण चेहऱ्यावर शांतपणा होता. "पेन्सिल ठेवा, साहेब. दीड वर्सानं काल मला जरा झोप लागली."