टेबलाशेजारचा डबा

व्हर्लिननं मॉनिटर वायरीसकट उपटला, मागचं दार लाथेनं उघडलं आणि हातातला मॉनिटर गोठलेल्या पायऱ्यांवर आपटला. ठिकऱ्या अंगणभर उडाल्या.

"गेलं तुझं पुस्तक!" तो धापा टाकत म्हणाला. "आता गुरुवारी लायब्ररीत वाच काय वाचायचं ते."

आर्डिस ओव्हनपाशी हाताची घडी घालून उभी होती. घटस्फोटाला दोन वर्षं झाली, तरी हा माणूस न विचारता घरात घुसायचा. एकतीस वर्षांचा संसार तिनं लिहून काढला होता. आर्डिसचं मनगट बर्फावर घसरून मोडलं, असं सगळं गाव समजत होतं. ते कुणी मोडलं, हे गुरुवारी गावाला कळणार होतं.

त्यानं कीबोर्ड गुडघ्यावर मोडला. माऊस भिंतीवर हाणला. शेवटी दम लागून खुर्चीत बसला आणि टेबलाशेजारच्या काळ्या डब्यावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधू लागला. आर्डिसनं त्या डब्याकडे बघायचं टाळलं.

हिवाळाभर ती लायब्ररीत म्हाताऱ्यांच्या कॉम्प्युटर वर्गाला गेली होती. मॉनिटर नुसता दाखवतो. कीबोर्ड नुसती अक्षरं आत पोचवतो. वीज गेली की रॅममधलं जातं, पण सेव्ह केलेलं हार्ड डिस्कवर राहतं, आणि हार्ड डिस्क असते त्या डब्यात. शेवटचं पान तिनं जेवणाआधीच सेव्ह केलं होतं. व्हर्लिन त्या वर्गाला हसायचा. तुला साधा टोस्टर कळत नाही, म्हणायचा.

"झालं समाधान?" तिनं विचारलं.

"झालं."

"मग ये की गुरुवारी. माझी फजिती बघायला."

"येणार तर! सोडतो होय मी?"

त्याचा ट्रक वळणाआड गेला. आर्डिसनं डब्यावरचा बुटाचा चिखल पुसला. एकतीस वर्षं ती या माणसाला घाबरली होती. आज तिला त्याची दया यायला हवी होती, पण आली नाही. तिला मजा येत होती. तिनं लायब्ररीतल्या मारेनला फोन लावला.

"मारेन, व्हर्लिन येतोय गं गुरुवारी. त्याला पुढच्या रांगेत बसव. मधोमध. दोन्ही बाजूंना चांगली जाडजूड माणसं बसव, म्हणजे मध्येच उठून जाता यायचं नाही."