बेरिंगिनचं क्रॉसिंग

इबू विदारतीच्या, म्हणजे विदारतीबाईंच्या, केबिनचं दार दोन सुतारांनी बिजागऱ्यांसकट काढलं आणि जिन्यावरून खाली नेलं. ती कॉफीचा पेला हातात धरून बघत राहिली. सव्वीस वर्षं तिने शहराचे सिग्नल सांभाळले होते. आज तिचा विभागच उरला नव्हता.

नवे संचालक हेरमावान यांनी परिवहन खात्याची सगळी वाटणी मोडून काढली होती. सिग्नल वेगळा, बस वेगळी, पार्किंग वेगळं, हे आता बंद. एका कामाला एक तुकडी आणि तुकडीत सगळीकडची माणसं. विभागांचे गणवेशसुद्धा उतरवायला लावले. "बारा आठवडे द्या," ते म्हणाले होते. "नाही जमलं तर भिंती पुन्हा बांधून देतो."

जमू नये, असंच विदारतीला मनातून वाटत होतं.

तिच्या तुकडीच्या वाट्याला बेरिंगिन बाजाराचं क्रॉसिंग आलं. वर्षभरात तिथे सात माणसांना धडक बसली होती. एका फळवालीचा पाय गेला होता. लोकांचे अर्ज यायचे. सिग्नलवाले ते बसवाल्यांकडे ढकलायचे, बसवाले पार्किंगवाल्यांकडे, आणि फिरून तोच कागद विदारतीच्या टेबलावर.

तुकडीला दिलेल्या तीन नंबरच्या खोलीत बसवाला गुनार्सो आधीच येऊन बसला होता. पार्किंगचा सितोरुस तेंपेच्या, म्हणजे सोयाबीनच्या तळलेल्या वड्यांची पुडी सोडत होता. तेवढ्यात पन्नाशी उलटलेला, इस्त्रीचा बातिक शर्ट घातलेला एक माणूस दारात उभा राहिला.

"बेरिंगिनच्या क्रॉसिंगचं काम इथेच ना?"

"इथेच, बापाक. या, बसा. उशीर केलात," सितोरुसने वयाचा मान राखत पुडी पुढे सरकवली.

माणसाचं नाव पार्तोयो. तो बसला. पहिला दिवस तिघांच्या भांडणातच गेला. झेब्रा पट्ट्यांच्या तोंडाशी थांबणारी बस दोषी, की फुटपाथ अडवणाऱ्या मोटरसायकली, की सिग्नल? पार्तोयो कोपऱ्यात बसून ऐकत होता. मधूनमधून वहीत काहीतरी टिपत होता.

"वरून पाठवलाय त्याला," संध्याकाळी जिना उतरताना गुनार्सो कुजबुजला. "संचालकांचे कान आहेत ते. जपून बोला, इबू."

विदारतीला ते लगेच पटलं. दुसऱ्या दिवसापासून "हे माझं काम नाही" हे वाक्य त्या खोलीत कुणी उच्चारलं नाही. सगळे वेळेवर येऊ लागले.

चौथ्या दिवशी पार्तोयोने तोंड उघडलं. "माणसांना रस्ता ओलांडायला बारा सेकंद मिळतात. पाठीवर टोपली असलेल्या बाईला एकवीस लागतात. मी मोजलंय."

"आणि मी सव्वीस वर्षं काय करतेय?" विदारती तडकली. "मीही मोजतेच की!"

"कुठून, इबू?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. ती मोजायची ते केबिनमधल्या पडद्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच बाजारात गेली. एका भाजीवालीकडून कोबीची भरली टोपली मागून घेतली, पाठीशी बांधली आणि चालू लागली. अर्ध्या रस्त्यात दिवा बदलला. उभ्या बसच्या आडून एक मोटरसायकल सुसाट आली. कुणीतरी दंड धरून तिला मागे खेचलं. बघते तर गुनार्सो. तोही गुपचूप बसचा थांबा बघायला आला होता.

"माझ्या बसमुळे ती मोटरसायकल दिसलीच नाही तुम्हाला," तो धापा टाकत म्हणाला.

"आणि माझा दिवा कमी पडला," विदारती म्हणाली. तिने टोपली खाली उतरवली.

त्यानंतर काम खरं सुरू झालं. तिने पंचवीस सेकंद दिले. गुनार्सोने चालकांशी हुज्जत घालून थांबा चाळीस पावलं पुढे नेला. मोटरसायकली लावून देणारी मंडळी मात्र सितोरुसला दाद देईनात. मग पार्तोयो जाऊन त्यांच्यात उकिडवा बसला, तासभर बोलला, आणि दुपारपर्यंत फुटपाथ मोकळा! संचालकांच्या माणसाचा वट तो, विदारतीने मनात म्हटलं. पण आता तिला त्याची भीती वाटत नव्हती. तो एखाद्या दिवशी आला नाही, तर खोली रिकामी वाटायची.

आठव्या आठवड्यात काम पुरं झालं. पुढच्या चार आठवड्यांत बेरिंगिनला एकालाही खरचटलं नाही. फळवाली कुबड्या घेऊन मुद्दाम आली, हळूहळू पलीकडे गेली आणि तशीच परत आली. सितोरुससारखा गडगडाटी माणूस, पण तोंड फिरवून डोळे पुसत होता.

शेवटच्या दिवशी हेरमावान स्वतः खोलीत आले. तीन प्रशस्तिपत्रं वाटली आणि निघायला वळले.

"एक राहिलं," विदारती उठून उभी राहिली. "बापाक, मी तुमच्यावर रागावले होते, ते मागे घेते. पण सगळ्यात जास्त राबले ते पार्तोयो. तुमचा माणूस म्हणून त्यांना वगळू नका."

"माझा माणूस?" हेरमावान गोंधळले. "मी कुणालाच पाठवलं नव्हतं. मला वाटलं, हे तुमच्यातल्याच कुणाच्या तरी विभागाचे."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. गुनार्सोने मान हलवली. सितोरुसनेही.

पार्तोयो ओशाळून उठला. बातिकच्या खिशातून त्याने आठ घड्या घातलेला कागद काढला आणि दोन्ही हातांनी विदारतीपुढे धरला.

"बायको त्या बाजारात उकडलेल्या भाज्यांचं पेचेल विकते, इबू. तिला एका डोळ्याने कमी दिसतं, म्हणून क्रॉसिंगसाठी हा अर्ज द्यायला आलो होतो," तो म्हणाला. "सितोरुस बसा म्हणाले, आणि मग द्यायचा राहूनच गेला."